समान माप, समान मान?

पाटीवर कोणाची अक्षरे किती मोठी असावीत, हा प्रश्न सीमेपासून दूर राहणाऱ्यांना किरकोळ वाटेल. आपल्याला तो तसा वाटत नाही. दोन भाषांच्या जिल्ह्यात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रत्येक फलक दोनदा वाचायची सवय लागलेली असते. एकदा मजकुरासाठी आणि एकदा आपली लिपी कुठे बसवली आहे हे पाहण्यासाठी. ती वर आहे की खाली, ठसठशीत आहे की कोपऱ्यात दडपलेली, हे आपल्या नजरेला आधी दिसते. नाव काय लिहिले आहे ते पुष्कळदा नंतर कळते.

कायद्यानेही हा प्रश्न आता हाती घेतला आहे. महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि नामफलकावर देवनागरी लिपीतील मराठी असलीच पाहिजे, तिची अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असे ठरले. कर्नाटकात २०२४ साली फलकाचा ६० टक्के भाग कन्नडसाठी, आणि तोही वरच्या बाजूस, असा नियम झाला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असावी की नसावी हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला की, मराठीसोबत उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही.

या साऱ्या वादात एक साधा शब्द गृहीत धरलेला आहे: ‘लहान’. दोन वेगवेगळ्या लिपींत लहान-मोठे ठरवायचे कशाने? फूटपट्टी लावली की झाले, असे आपल्याला वाटते. पण तसे होत नाही. का होत नाही, याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडले नाही. ते सापडले अक्षररचना शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या टेबलावर. आणि ते उत्तर केवळ अक्षरांपुरते नाही, असे मला वाटत आले आहे.

माझी बहीण लग्न होऊन बडोद्यास गेली, त्याला आता तीस वर्षे होत आली. तिचे बिऱ्हाड अलकापुरीत आहे. आमच्या भागातून तिकडे जायचे म्हणजे तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतमार्गे. वाटेत नवापूर लागते. या स्टेशनच्या मधूनच महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द गेलेली आहे. एकाच बाकाचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात. तिथे हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत सूचना दिल्या जातात. बडोद्याला स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर पडले की अलकापुरी. कुबेराच्या अलकानगरीवरून आलेले हे नाव ऐकले की ‘मेघदूत’ शिकवलेल्या माणसाला यक्ष आठवल्यावाचून राहत नाही. समोर नसलेल्या माणसापर्यंत आपला निरोप जसाच्या तसा पोचावा, ही त्याची तळमळ होती. अक्षररचनेचे शास्त्र हेच करते, हे मात्र मला तिथे गेल्यावरच उमगले.

माझी भाची महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत उपयोजित कला शिकते. आजकालची ही मुले संगणकावर क्षणात हवे ते अक्षर उमटवतात. तेव्हा शिकण्यासारखे उरले काय, असे मी तिला सहज विचारले. ती म्हणाली, “मामा, तुम्ही अक्षर बघता तेव्हा काळे बघता. आम्हाला आधी पांढरे बघायला शिकावे लागते.” तिने काळ्या कागदातून कापलेली अक्षरे माझ्यापुढे मांडली. ‘ठ’च्या पोटातील गोल, ‘म’च्या पोटातील पोकळी, दोन अक्षरांमधील फट, दोन शब्दांमधील अंतर, दोन ओळींमधील मोकळी जागा, पानाभोवतीचा समास. या रित्या जागा नीट राखल्या तर अक्षर वाचता येते. त्या बुजल्या तर नुसती शाई उरते.

याची किंमत काय असते हे मराठीच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको. ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक शिरोरेषेतील एवढ्याशा फटीचा आणि गाठीचा. ‘ध’ आणि ‘घ’ यांचेही तेच. अक्षर बारीक केले, शाई पसरली, ती फट भरली, की ‘भार’चा ‘मार’ होतो, ‘भूक’ची ‘मूक’ होते आणि ‘धन’चे ‘घन’. तरुण वाचक संदर्भाने सावरून घेतो. ज्याची नजर अधू आहे, किंवा ज्याने चाळिशीनंतर अक्षरओळख करून घेतली आहे, तो मात्र तिथेच अडतो, आणि दोष स्वतःचाच समजतो. निवृत्तिवेतनाची सूचना, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, पीकविम्याचा अर्ज यांपुढे अशी माणसे हताश होऊन बसलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. “मला काही वाचता येत नाही बुवा,” असे तो म्हणतो. वस्तुतः त्याला वाचता येत असते. त्याच्यासाठी कोणी लिहिलेले नसते.

भाचीच्या टेबलावर दुसरा एक पाठ होता: सोसायटीत दोन दिवस पाणी येणार नाही, ही सूचना गुजराती, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत मांडायची. तिघांनाही न्याय द्यायचा म्हणून तिने प्रथम तिन्ही मजकूर बारा पॉइंटमध्ये, ओळींमध्ये सारखेच अंतर ठेवून लावले होते. तो पहिला कागद तिने मुद्दाम जपून ठेवला होता. त्यात इंग्रजी मोकळी-ढाकळी बसली होती. मराठी मात्र गर्दीच्या एस.टी.त शिरल्यासारखी दिसत होती. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडलेले. गुजराती या दोघींच्या मध्ये कुठेतरी.

माप एकच, तरी असे का व्हावे? कारण बारा पॉइंट हे अक्षराचे मापच नव्हे. एका इंचात ७२ पॉइंट. आणि हे माप मूळचे आहे ते अक्षर ज्या शिशाच्या खिळ्यावर ओतलेले असे त्या खिळ्याच्या उंचीचे. इंग्रजी अक्षर एका आडव्या रेषेवर पाय रोवून उभे राहते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखे. त्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांची जागा लागते. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांची. हे सगळे त्याच उंचीच्या खिळ्यावर मावायचे म्हणजे मूळ अक्षराने अंग चोरायला हवे. गुजरातीने शिरोरेषा सोडून दिली. ‘ग’, ‘न’, ‘म’, ‘व’ यांवरची रेघ काढली की ती जवळजवळ गुजरातीच होतात. ‘क’, ‘च’, ‘ज’, ‘ब’ यांनी मात्र आपापली वेगळी वळणे घेतली. एका घरातील तीन मुलांना एकाच मापाचा सदरा शिवला तर जे होईल तेच त्या कागदावर झाले होते.

दुसऱ्या कागदावर तिने मराठीचा आकार थोडा वाढवला होता, मराठीच्या ओळींतील अंतर त्याहून अधिक वाढवले होते, आणि गुजरातीला तिचे स्वतःचे अंतर दिले होते. फूटपट्टी लावली तर तिन्ही असमान. नजरेला मात्र तिन्ही बरोबरीच्या. कोणी कोणाच्या खाली दबलेले नाही, कोणी कोणावर ओरडत नाही.

आता पुन्हा त्या कायद्याकडे पाहू. ‘लहान नको’ असे कायदा म्हणतो. समजा एखाद्या दुकानदाराने वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मराठीची उंची मोजली आणि इंग्रजीची मोठी अक्षरे तेवढ्याच उंचीची केली, तर आपण समान माप दिले असे तो प्रामाणिकपणे सांगू शकेल. पण मूळ अक्षराची उंची तेव्हा निम्म्या-पाऊणवर आलेली असेल. माप समान, मान मात्र नाही. हा केवळ पाटीचा प्रश्न नाही. वर्गात सर्व मुलांना सारखाच वेळ, सारखाच फळा, सारखेच पुस्तक देणारा शिक्षक स्वतःला समदर्शी समजतो. घरी वेगळी भाषा बोलणारे मूल मात्र त्या सारखेपणात चेंगरते. समानतेचे माप कोणा एकाच्या अंगावरून घेतलेले असते आणि ते घेतले आहे याचा आपल्याला विसर पडलेला असतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. ‘ज्याला जेवढे लागते तेवढे’ हे तत्त्व ऐकायला गोड आहे. पण कोणाला किती लागते हे ठरवणार कोण? ते नेहमी बहुसंख्यच ठरवतात आणि तुम्हाला एवढे पुरे म्हणून कोपऱ्यातील दोन बोटे जागा देतात. सीमेवरच्या माणसाने हे पुरेसे सोसले आहे. म्हणूनच त्याला इंच हवा असतो. मोजता येणारा, कोर्टात दाखवता येणारा. मी हा आक्षेप खरा मानतो. कायद्याचा इंच टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. जिथे सद्‌भाव नसतो तिथे दुबळ्याला फूटपट्टीचाच आधार असतो. पण फूटपट्टी ही किमान मर्यादा झाली. त्यावर जो मान द्यायचा, त्याची कसोटी वेगळी आहे आणि ती या मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात: मांडणाऱ्याने स्वतःच्या नजरेने ठरवायचे नाही; ज्याच्यासाठी लिहिले त्याला वाचायला द्यायचे. भाचीने गुजराती सूचना शेजारच्या आजोबांना आणि मराठी सूचना आपल्या आजीला दाखवली होती. जिथे आजी अडखळली तिथे पेन्सिलीची खूण होती. ठरवणारा बहुसंख्य नाही आणि मांडणाराही नाही, ठरवणारा वाचणारा. आक्षेपाचे उत्तर मला त्या पेन्सिलीच्या खुणांत दिसले.

ही दृष्टी परदेशातून आली असे कोणी समजू नये. १९३० साली बिअ‍ॅट्रिस वॉर्ड या विदुषीने लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात चांगल्या मुद्रणाला स्वच्छ काचेच्या पेल्याची उपमा दिली, ती जगभर गाजली. पेला असा असावा की त्यातील पेय दिसावे. पण त्याआधी सुमारे अडीचशे वर्षे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. त्यात पानावर आधी शिशाने रेघा आखायला सांगितले आहे, म्हणजे ओळींतील अंतर कमीजास्त होणार नाही. एका ओळीची मात्रा-वेलांटी दुसरीला लागू नये असे बजावले आहे. ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे अशी अपेक्षा आहे. समास का सोडायचा? तर पुढे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. आणि अक्षर फार बारीक का नको? तर तरुणपणी लिहिलेले म्हातारपणी कामी यायला हवे. यातील प्रत्येक सूचनेमागे एक माणूस उभा आहे. लिहिणाऱ्याने त्याला कधी पाहिलेले नाही. कदाचित तो अजून जन्मलेलाही नाही. त्याची सोय आधी पाहणे, हा समर्थांच्या लेखी सुंदर अक्षराचा अर्थ आहे.

खिळ्यांच्या काळातील जुळाऱ्यालाही हे ठाऊक होते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेच्या प्रश्नपत्रिका गावातल्या ट्रेडल छापखान्यातून येत. मुद्रिते तपासायला गेलो की मी जुळाऱ्याचे हात पाहत बसे. प्रत्येक खिळ्यावरचे अक्षर उलटे. त्याच्या डोळ्यांना दिवसभर उलटे दिसायचे, तेव्हा आमच्या मुलांना सुलटे मिळायचे. त्याचे नाव कुठेही छापले जात नसे. चूक झाली तरच त्याची आठवण निघे. मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू करणारे जावजी दादाजी, केसरीचा व्याप सांभाळून देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी झटणारे लोकमान्य टिळक, यांची नावे इतिहासात आहेत. पण ज्यांच्या बोटांना शिसे लागले त्यांची नाहीत. संगणकयुगातही तेच चालू आहे. विंडोज २००० पासून कोट्यवधी लोकांनी ज्या ‘मंगल’ टंकात देवनागरी वाचली, तो सिद्ध करणारे र. कृ. जोशी मुंबईच्या आयआयटीत अध्यापन करणारे मराठी कवी आणि सुलेखनकार होते, हे त्या कोट्यवधींपैकी किती जणांना ठाऊक आहे?

बडोदे हे हा विचार करायला योग्य ठिकाण आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मराठी मुलगा दत्तक जाऊन या गादीवर आला. प्रजा बहुतांशी गुजराती. सयाजीराव महाराजांना आपली मातृभाषा प्रजेवर लादता आली असती. त्यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सयाजी साहित्यमालेतून गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत पुस्तके काढवली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या कोशात इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी मांडलेले आहेत. यामुळे तिथली मराठी बुडाली काय? १९०९, १९२१, १९३४ आणि अलीकडे २०१८ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यातच भरले. सत्ता हाती असताना दुसऱ्याच्या भाषेला तिच्या गरजेइतकी जागा देता येते आणि तसे केल्याने आपली जागा कमी होत नाही, याचे हे उदाहरण आहे.

तरीही एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. अक्षर केवळ काचेचा पेला नसते. गावाच्या वेशीवरील फलकावरचे आपल्या लिपीतील नाव हे वाचण्यासाठी जितके असते तितकेच ‘आम्ही इथे आहोत’ हे सांगण्यासाठी असते. तो अभिमान मी कमी लेखत नाही. पण या अभिमानाचे आपण काय करतो, हे एकदा बाजारातून हिंडून पाहावे. आग्रहाने मोठी करून घेतलेली मराठी पाटी, आणि तिच्यावर ‘पद्म’ या शब्दाचे जोडाक्षर यंत्राने तोडून पाय मोडलेला ‘द’ वेगळा ठेवलेला. ऱ्हस्व-दीर्घ कोणी पाहिलेले नाही. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण म्हणून ठरवून दिले. पण पाटीवर जे वळण संगणकात आधीपासून होते तेच. आपण इंचासाठी भांडतो, वळणासाठी भांडत नाही. आपल्याच लिपीला फक्त आकार देऊन काळजी न देणे हाही अवमानच आहे. तो दुसऱ्याने केलेला नाही इतकेच.

आणि दुसऱ्याच्या लिपीचे काय? आपल्या शाळांच्या सूचना, आपल्या मंडळांच्या पत्रिका गुजराती किंवा कन्नड शेजाऱ्यांकडेही जातात. त्यातील त्यांच्या भाषेच्या ओळी कोणाकडून तपासून घेतल्या जातात काय? बहुधा उरलेल्या जागेत, उरलेल्या वेळात त्या बसवल्या जातात. जे आपल्याला पातूरच्या किंवा बेळगावच्या फलकाबाबत मनाला लागते, ते आपल्या हातून होताना लागत नाही. लिपीचा मान मागण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने तो आधी शेजाऱ्याच्या लिपीला देऊन कमवावा, असे मला वाटते.

दिवाळी सरली की तुळशीचे लग्न आणि मग घरोघरी लग्नपत्रिका छापायला जातील. आपल्या जिल्ह्यांत त्या पुष्कळदा दोन भाषांत असतात. यंदा एवढे करावे. छापखान्यातून आलेला नमुना घरातील सर्वांत वयस्कर माणसाच्या हाती द्यावा आणि चष्म्याशिवाय कुठवर वाचता येते ते पाहावे. मग तोच नमुना घेऊन शेजारच्या गुजराती किंवा कन्नड घरी जावे, त्यांच्या आजीला त्यांची बाजू वाचायला सांगावी, आणि ती जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करून आणावी.